पायाला कळणारे तलाव : भंडारा-गोंदियातली सायकलभटकंती (अनुभव धागा)

डिसेंबरात चार दिवस सायकलवर होते. नागपूरहून साकोली, तिथून नवेगाव बांध, अर्जुनी मोरगाव, आणि परतीला रेल्वे. तेव्हापासून हा धागा काढायचा होता.

भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे शाळेत पाठ केलेलं. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला आणि तलावही वाटले गेले. पण ते 'तलावांचा जिल्हा' म्हणजे नेमकं काय, हे चारचाकीतून कधी कळलं नव्हतं. सायकलवर पायांना कळलं. धानपट्ट्यात रस्ता सपाट. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये (म्हणजे धानाच्या वाफ्यांत) कापल्या धानाचे पुंजणे रचलेले, पाय आपोआप फिरत असतात. मग एकाएकी दहा-बारा पेडल जड जातात. गिअर उतरवेपर्यंत चढ संपलेला असतो आणि डावीकडे थेट पायाच्या पातळीला पाणी! कमळाची पानं, त्यांवर चालणारे कमळपक्षी, काठाला बांधलेला डोंगा. पलीकडे उतार आणि पुन्हा धान. दुसऱ्या दिवसापासून मला सवयच लागली. पेडल जड झालं की मान वळायची.

म्हणजे या भागात चढ आला की ती तलावाची पाळ, मातीचा बांध, समजायची. डोंगर क्वचित.

तुमचे अनुभव लिहा. सरासरी वेग आणि ॲपचे नकाशे कृपया नकोत. कुठे थांबलात, का थांबलात, ते सांगा.

लाखनीकर मास्तर

ताई, बाकी सगळं बरोबर, पण पाळ नाही. आमच्याकडे 'पार' म्हणतात. पाणी सोडायचं दार ते तुडूम, आणि तलाव भरून वाहतो ती जागा सलंग. लहान असेल तर तो तलावही नाही, बोडी.

मी सायकल शिकलो तीच पारीवर. वडिलांची काळी सायकल, उंची माझ्या खांद्याएवढी, त्यामुळे दांडीखालून पाय घालून कैची. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बांधी. आईचं म्हणणं एवढंच होतं, 'पडाचं तं बांधीकडं पड.' दोन्हीकडं पडलो.

तुम्ही ज्या चढावर गिअर बदलला तो माणसांनी टोपल्यांनी माती वाहून घातलेला आहे, हे मात्र लिहायला हवं होतं. कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळात हे तलाव बांधले. तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळायची. पुढे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार, आले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि कागदावर त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. लोक म्हणतात मामा तलाव. पूर्व विदर्भात असे सहा हजारांच्या वर आहेत. पूर्वी गाव मिळून गाळ काढायचं, कारण पाणी आपलं होतं. नंतर पाणीपट्टीवरून भांडणं झाली, 'सरकारचा तलाव, सरकारनं पाहावा' म्हणून लोकांनी घमेली घरात ठेवली. म्हणून काही पारींवर तुम्हाला चढ लागेल, पण वर गेल्यावर पाण्याऐवजी हिरवंगार बेशरम, ते माजणारं तण, दिसेल. ते पाहायलाही थांबा.

गावंढळ गिअरवाला

पुण्याहून आलो होतो. नवी ग्रॅव्हल सायकल, हँडलला पिशवी, सीटमागे पिशवी, दंडाला पट्टी. साकोलीच्या पुढे एका गावात मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा, बोटाच्या पेराएवढा. जवळची एक ट्यूब आदल्या दिवशीच गेली होती. पॅच होते, सोल्युशनची नळी आतून वाळलेली.

वडाखाली पंक्चरवाले काका. त्यांनी ट्यूब बाहेर काढली, माझा तो बारीक लांब व्हॉल्व्ह बोटांत फिरवला आणि म्हणाले, "हे पेन्सिल कायची जी?" त्यांच्या पंपाचं तोंड त्यावर बसेना. अडॅप्टर नावाची दीड सेंटिमीटरची पितळी वस्तू माझ्या घरी, ड्रॉवरमध्ये.

काकांनी भिंतीवरून २८ इंची काळ्या सायकलची ट्यूब काढली. टायरमध्ये ती बसत होती, पण तिचा जाडा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून जाईना. मग त्यांनी गोल कानस घेतली. माझ्या रिमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून मान हलवली. वीस मिनिटं खर्र खर्र. ॲल्युमिनियमचा चंदेरी भुगा त्यांच्या गुडघ्यावर. मधेच थांबून भोकात बोट घालून फिरवायचे, धार राहिली तर ट्यूब कापेल म्हणून. शेवटी चिमटीएवढी वाल्ट्यूब (बारीक रबरी नळी) थुंकीने ओली करून व्हॉल्व्हवर चढवली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यात व्हॉल्व्ह बुडवून बघितला. एक बुडबुडा नाही.

ट्यूब आणि मजुरी मिळून दीडशे रुपये. वर आठ-दहा वाल्ट्यूबचे तुकडे कागदात बांधून दिले. "तुमच्या पुन्यात भेटत नसंल."

मागचं चाक अजून तसंच आहे. सायकलच्या दुकानात प्रत्येक वेळी मुलं एकमेकांना बोलावून दाखवतात.

निळी पिशवी

थोडक्यात आणि कामाचं. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरची लोकल गाडी या भागाच्या मधोमध जाते. सौंदड, देवलगाव, अर्जुनी, वडसा. नवेगाव बांधसाठी देवलगाव. थकलात, पाऊस आला, की चढा. मी पुढचं चाक काढून सगळं जुन्या चादरीत गुंडाळलं होतं. डब्यात एका आजींनी त्यावर पाय ठेवून झोप काढली.

एकटीच

बाई एकटी सायकलवर, म्हणून प्रश्न फार आले. "मालक कोटी आहेत?" म्हणजे नवरा कुठे आहे, याला मी पहिल्या दिवशी रागावून आणि तिसऱ्या दिवशी "येतात मागून" असं उत्तर दिलं. चहा मात्र दोन्ही उत्तरांना मिळाला.

माझी थांबण्याची जागा गोठणगाव. गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण पाहून पुढे निघाले. धानाची पोती, बैल, कवेलूची घरं, आणि अचानक झाडांना बांधलेल्या रंगीत पताका. तिबेटी लोकांची ही वसाहत १९७२ पासून इथे आहे, हे मला माहीत नव्हतं. गल्ल्यांमध्ये फक्त म्हातारी माणसं. एका आजींनी थुक्पा (शेवयांचं तिबेटी सूप) दिला आणि आपल्यापेक्षा शुद्ध हिंदीत सांगितलं, की थंडीत तरुण मंडळी शहरांत स्वेटर विकायला जातात. माझ्या अंगातला स्वेटर नागपूरला अशाच एका तिबेटी स्टॉलवर घेतलेला. आजींनी बाही उलटी करून शिवण पाहिली, कितीला घेतला विचारलं, आणि आकडा ऐकून हसल्या. जास्त दिले होते बहुतेक.

तिथून प्रतापगड जवळ. महादेव आणि दर्गा एकाच डोंगराच्या आसऱ्याने. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते म्हणे, तेव्हा सायकलने जाऊ नका, हा दुकानदाराचा सल्ला.

दुर्बीण

सगळे हिवाळ्यात जातात. मी जुलैत गेलो, रोवणी (धानाची लावणी) चालू असताना, गोंदियाच्या उत्तरेला परसवाडा-झिलमिलीकडे. चिखल ब्रेकमध्ये, चिखल दातांत. पण सारसांचा वीणकाळ तेव्हाचा असतो. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात, काही डझन. माणसाच्या उंचीचा पक्षी, आणि घरटं करतो उभ्या धानाच्या बांधीत.

धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, एक शेतकरी बसला होता. मी दुर्बीण काढली तसा म्हणाला, "इथूनच पाहा जी, पुढं नका जाऊ." त्याच्या बांधीत मधोमध चार-पाच हात जागा रोवलीच नव्हती. तिथे धानाच्या काड्यांचा ढीग आणि त्यावर मादी. मी दूरच थांबलो. नराने मान वर करून एकदा हाक दिली, ती छातीत वाजली. फोटो काढलेला नाही. काढला असता तरी ठिकाणासकट टाकला नसता, आणि तुम्हीही टाकू नका.

पाचनंतर नाही

रसभंग करतो. धागाकर्त्या ताईंनी जंगलाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आणि वाघ फलक वाचून हद्दीत राहत नाहीत. कोहमारा-मुरदोलीच्या पट्ट्यात संध्याकाळी साडेपाचला मला एका वनरक्षकाने थांबवलं. मी हेल्मेट, दिवा, शिट्टी वगैरे दाखवू लागलो. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही सायकलवर वाकून बसता. त्याले तुम्ही चार पायाचे दिसता." सायकल भाजीच्या पिकअपमध्ये वांग्यांवर चढवली आणि मुकाट बसलो.

मास्तरांच्या बेशरमबद्दल एक भर. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर या मासेमार समाजाला बरोबर घेऊन अर्जुनी मोरगाव भागातल्या तलावांतून बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती लावल्या आहेत. मासे अंडी घालतात, लपतात ते त्या वनस्पतींत. मी गेलो तेव्हा एका तलावात सात-आठ बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून रोपं खोचत होत्या, रोवणीसारख्याच ओळीत. मी तासभर पारीवर बसून राहिलो. मदत करू का विचारल्यावर एकीने माझ्या घट्ट चड्डीकडे पाहिलं आणि सगळ्या हसत सुटल्या.

धागाकर्ती

@पाचनंतर नाही, चूक मान्य. मी त्या पट्ट्यातून सकाळी नऊला गेले होते आणि तरीही शिट्टी तोंडात धरली होती, ते लिहायची लाज वाटली. @मास्तर, पार. लक्षात ठेवते. नवेगावच्या तलावावर कोलू पाटील कोहळ्याचं नाव निघालं, तो बांधणारा. आता तो तिथे देव आहे, कोलासूर. अभियंत्याचा देव झालेला मी दुसरा पाहिलेला नाही.

तिसरी घंटा

माझा अनुभव सायकलचा कमी, झोपेचा जास्त. भाऊबीज झाली की या बाजूला गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि मंडईच्या रात्री नाटक. झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याचं) नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपतं. मला वडशाच्या अलीकडे एका गावात मुक्काम करायचा होता. ज्यांच्याकडे उतरलो ते म्हणाले, "आज घरी कोनी झोपत नाही. चला."

कापलेल्या बांधीत मंडप, खाली तणस (धानाचा पेंढा), त्यावर चादरी. सायकल सोडायला जिवावर आलं म्हणून बरोबर नेली आणि आडवी करून तिलाच टेकून बसलो. दिवसभर सत्तर किलोमीटर झालेले. पहिल्या अंकात खलनायकाने जमीन लाटली, तिथे डोळा लागला. जाग आली ती लावणीला, मग पुन्हा झोप. तिसऱ्यांदा जागा झालो तेव्हा आई मेलेली होती आणि शेजारची अख्खी रांग रडत होती. शेजारच्या काकांनी डोळे पुसत मला मधला सगळा भाग कुजबुजत सांगितला.

पहाटे पाचला निघालो. दव इतकं, की सीट रुमालाने पिळून पुसली. गावाबाहेर पेडल जड झालं, पार आली. वर नाटक कंपनीची गाडी उभी होती, आणि मेलेली आई शाल गुंडाळून तलावाच्या पाण्याने तोंडावरचा रंग धूत होती.

"कुठून आले जी?" तिने विचारलं.

"नागपूर."

"सायकलनं? काहून, गाडी नाही भेटली?"