शेजारची बाई रोज मार खाते, तक्रार आपण केली तर चालते का?

मंगळवारपेठकरीण
नमस्कार मंडळी. आमचं कोल्हापुरात जुनं घर आहे, शेजारची नि आमची भिंत एकच. आता २०२१ मध्ये कोरोनाचं लॉकडाऊन परत लागल्यापासून तिकडं रोज रात्री राडा. आधी पण व्हायचं पण तिचा नवरा सकाळी शिरोलीला फौंड्रीत जायचा, तेवढा वेळ तरी ती सुटलेली असायची, आता चोवीस तास घरात. परवा पोराच्या ऑनलाईन क्लाससाठी विचारल्याशिवाय रिचार्ज मारलं म्हणून. आधी भांड्यांचा आवाज येतो मग टीव्ही मोठा होतो, टीव्ही मोठा झाला की आमच्या सासूबाई म्हणतात सुरू झालं बघ.
सकाळी दुधाच्या लाईनीत असते, मास्क डोळ्यांपर्यंत ओढलेला. सगळ्यांनीच मास्क घातलेत, कुणाला काय दिसणार. मी हळूच विचारलं तर म्हणाली कपाटाचं दार लागलं. माहेर निपाणीला, म्हणजे चाळीसेक किलोमीटर, पण कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर मागतात आणि मोबाईल नवऱ्याकडं. घर सासूच्या नावावर, त्यामुळं बोलले तर रस्त्यावर काढतील ही भीती. आमचे हे म्हणतात आपण पडायचं नाही, उद्या आपल्यावरच उलटेल. तक्रार तिनंच करायला लागते का?

रंकाळ्याचा_वारा
ताई राग मानू नका पण धंदापाणी बंद, माणूस घरात बसून वैतागलाय. लॉकडाऊन उठलं की निवळेल. नवराबायकोच्या मधे पडणाराच वाईट होतो.

काळाकोट
दादा, काम माझं पण बंद आहे, कोर्ट अर्धं चालू, मी तर कुणाला मारलं नाही. आणि तिचं काय, तिला कुठलं लॉकडाऊन, चूल चालूच आहे की.
ताई, तिनंच यायला पाहिजे असं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम ४ आहे, कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर त्याच्यावर दिवाणी-फौजदारी काही येत नाही. हे तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा. पुढचा कोर्टातला अर्ज मात्र तिची तयारी बघूनच करायचा, तिच्या डोक्यावरून काही करू नका. अर्ज पडला की तीन दिवसांत पहिली तारीख असं कायद्यात लिहिलंय, सध्या लांबतंय हे खरं.
घर सासूचं असलं तरी ती तिथं संसार करत होती ना, मग राहायचा हक्क मागता येतो, सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२० मध्येच हे सांगितलंय. आधीच्या निकालामुळं वकील पण बायकांना परत पाठवायचे. मार चालू असतानाच पोलिसांना १०० किंवा ११२ ला फोन लावा, दुसऱ्या दिवशी सगळे गप्प असतात. बायकांसाठी १०९१ आहे. राष्ट्रीय महिला आयोगानं एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅप नंबर काढला, ७२१७७३५३७२, कारण बायकांना बोलायला जागाच नव्हती. आयोगाकडं २०२० मध्ये घरातल्या मारहाणीच्या पाच हजारांवर तक्रारी गेल्या, आदल्या वर्षी तीन हजार पण नव्हत्या. शाहू महाराजांनी १९१९ ला संस्थानात बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला आणि आपण अजून म्हणतोय मधे पडू नका.

सुटले_एकदाची
मी गेल्या वर्षी यातनंच गेले म्हणून लिहिते. पहिलं म्हणजे तिच्या मोबाईलवर काही पाठवू नका, तो बघतो. त्याच्यासमोर विचारू पण नका, तुम्ही गेल्यावर त्याचा हिशोब तिला द्यायला लागतो. मी बाथरूममधे नळ सोडून मावशीला फोन करायचे, पाणी जास्त जातंय म्हणून त्याचा पण मार खाल्ला.
मला शेजारच्या काकूंनी वाचवलं, काही बोलल्या नाहीत, नुसती भाजी आणून द्यायच्या आणि संध्याकाळी वाटी न्यायला परत यायच्या. म्हणजे दिवसातनं दोनदा दार उघडायला लागायचं त्याला. एकदा वाटीखाली नंबरचा कागद होता. माझं आधार, रेशनकार्ड, पोराचा दाखला यांच्या झेरॉक्स त्यांच्याच पिठाच्या डब्यात होत्या दोन महिने. आणि लागलं असेल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, दाखवायला सांगा, कशानं लागलं ते खरं सांगायला सांगा, कागदावर आलं पाहिजे. मी पहिल्या वेळी पाय घसरला म्हणाले, तो कागद नंतर माझ्यावरच आला.

रंकाळ्याचा_वारा
बरं, माझं चुकलं असेल. पण पोलीस आले आणि समज देऊन गेले तर रात्री तिचे हाल जास्त नाही का होणार?

काळाकोट
होऊ शकतात. म्हणून तर तिला विचारून म्हणतोय. त्या रात्री जायला एक घर ठरवून ठेवा आधी.

मंगळवारपेठकरीण
आमचं घर आहे, हे पण हो म्हणाले शेवटी, कलम ४ दोनदा वाचायला लावलं. काल मटकीची उसळ नेऊन दिली, त्यानंच दार उघडलं, वाटी त्याच्याच हातात दिली तेव्हा पाय लटपटत होते माझे. खाली कागद चिकटवला होता. आज ती स्वतः वाटी घेऊन आली, वाटीत चिमूटभर साखर. कागद नव्हता. काही बोलली नाही, फक्त जाताना म्हणाली वहिनी, झेरॉक्सचं दुकान सकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं?