नाकावर न बसवता चष्मा विकत घ्यायचा का?

फिलीकर: परवा भाचीने पुण्याहून फोन केला, मामा चष्मा ऑनलाइन मागवू का म्हणून, आणि मागून तिचे बाबा "अजिबात नाही" म्हणून ओरडले, तेव्हापासून हे डोक्यात आहे. माझं मत, मागवावा. मी राहतो त्या फिलाडेल्फियातच व्हॉर्टन या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या चार पोरांनी २०१० मध्ये वॉर्बी पार्कर ही ऑनलाइन चष्मे विकणारी कंपनी काढली. त्यातल्या डेव्ह गिल्बोआचा चष्मा विमानात राहिला, नवा घ्यायचा तर ७०० डॉलर, विद्यार्थ्याला कुठून परवडणार, गड्याने पहिली अख्खी सेमिस्टर बिनचष्म्याने काढली. मग चौघांनी भिंगांसकट ९५ डॉलरला चष्मा विकायला काढला. घालून बघायचं कसं, तर तेव्हा ते पाच फ्रेम घरी पाठवायचे, पाच दिवस ठेवा, आरशात बघा, घरच्यांना विचारा, जायचा-यायचा खर्च त्यांचा. एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे का, हे विचारायची हिंमत केली याचं मला मनापासून कौतुक आहे.

काउंटरमागचा: कौतुक करा हो, पण चष्मा म्हणजे टीशर्ट नव्हे. आमचं सांगलीत दुकान आहे, बाबांनंतर मी बसतो. नुसत्या नंबरावर चष्मा होत नाही, भिंगाचा मध्य बुबुळासमोर यावा लागतो, त्यासाठी पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये घ्यावा लागतो. एक नंबरवाल्याला थोडं इकडेतिकडे झालेलं कळतही नाही, पण मायनस सहावाल्याचं चार मिलिमीटर चुकलं की डोळे ओढतात, डोकं धरतं. आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच भिंगात, असेल तर निवडलेली फ्रेम घालून गिऱ्हाईक समोर उभं करतो, बरेच जण फोटो काढल्यासारखी मान ताठ करतात, मी म्हणतो काका, रोज उभे राहता तसे राहा, मग डमी काचेवर बुबुळाच्या जागी मार्करने ठिपका मारतो, त्या उंचीने भिंग कापतात. हा ठिपका कुरिअरने कसा मारणार?

रत्नांग्री: मी यात पोळलेय. आईचा प्रोग्रेसिव्ह एका साइटवरून मागवला, घालून जिना उतरायला गेली तर पायऱ्या तरंगल्यासारख्या दिसायला लागल्या, कठडा घट्ट धरून तिथेच उभी राहिली. पैसे परत मिळाले पण तीन आठवडे आई जुन्याच चष्म्यावर. तरी दुकानदारांचीही बाजू घेणार नाही, आमच्याकडे फ्रेमवर किंमतच नसते, माणसाकडे बघून भाव सांगतात.

फिलीकर: वाईट झालं, आईंना सांभाळा. पण बघा, भाव उघड नाही हेच तर मूळ दुखणं. अमेरिकेत १९७८ चा सरकारी नियम आहे, तपासणी झाली की नंबरचा कागद न मागता आणि फुकट हातात द्यायचाच, तो नसता तर ही पोरं उभीच राहिली नसती. आपल्याकडे कितीतरी दुकानांत तपासणी फुकट, नंबर मात्र दुकानाच्या वहीत.

काउंटरमागचा: त्या नियमात पीडी द्यायची सक्ती नाही, तेही सांगा की. आणि तुमच्या वॉर्बीवाल्यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्कला दुकान का थाटलं? आपलं लेन्सकार्ट पण २०१० मध्ये ऑनलाइनच सुरू झालं ना, आज भारतात त्यांची २००० च्या वर दुकानं आहेत. शेवटी माणूस काउंटरवरच आला.

फिलीकर: आला, पण भाव आधी मोबाइलवर बघून आला! दुकान आणि साइट दोन्हीकडे एकच किंमत, हे त्या पोरांमुळे झालं. तुम्ही उद्या प्रत्येक फ्रेमवर किंमत चिकटवा, मी भाचीला स्वतः सांगतो सांगलीला जा म्हणून.

काउंटरमागचा: चिकटवतो की, त्यात काय. पीडीही लिहून देतो, अगदी चष्मा दुसरीकडून घेणार असाल तरी, फक्त मोजायचे पैसे घेईन कारण त्यात माझी पंधरा मिनिटं जातात.

रत्नांग्री: मग आईचा पीडी आणि त्या ठिपक्याची उंची दोन्ही लिहून द्याल का, म्हणजे ऑनलाइनवाल्यांना पाठवता येईल?

काउंटरमागचा: ताई, पीडी आईंचा, तो तोच राहतो. उंची त्या त्या फ्रेमची असते, फ्रेम बदलली की ठिपका हलला. ऑनलाइन फ्रेम आधी रिकामी मागवा, आईंना आणि ती फ्रेम घेऊन दुकानात या, तिच्यावर ठिपका मारून देतो.