‘होल’ला मराठीत काय म्हणावं?

नौपाडा, ठाणे:
बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. अर्धवाहकात, म्हणजे सिलिकॉनसारख्या पदार्थात, इलेक्ट्रॉन निघून गेला की मागे रिकामी जागा उरते. त्या ‘होल’ला मी ‘विवर’ म्हणते, पण विवर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे कृष्णविवरच येतं. ‘पोकळी’ चालेल का?

वाशी, नवी मुंबई:
ताई, ‘पोकळी’ मलाही आवडतो, कारण मराठीत पोकळी ‘भरून निघते’. होलमध्ये इलेक्ट्रॉन येऊन बसला की होल संपतं. एलईडीतला प्रकाश त्यातूनच निघतो.

पण मूलकणांकडे वळलं की हा शब्द अडतो. १९३० साली भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकने मांडलं, की निर्वात म्हणजे ऋण ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांनी काठोकाठ भरलेला समुद्र. त्यातला एक निघाला की मागे उरतं ते होल, आणि ते धनभारित कणासारखं वागतं. आधी त्याला तो प्रोटॉन वाटला. १९३१मध्ये त्याने हा वेगळाच कण असल्याचं म्हटलं आणि १९३२मध्ये कार्ल अँडरसनला तो कण, म्हणजे पॉझिट्रॉन, सापडला. आपण निर्वातालाही पोकळीच म्हणतो. मग डिरॅकचं होल म्हणजे ‘पोकळीतली पोकळी’?

दोन्हीकडे हिशेब सारखाच: ऊर्जा द्या, इलेक्ट्रॉन आणि होलची जोडी मिळते. सिलिकॉनमध्ये सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, निर्वातात १० लाखांहून जास्त लागतात.

मला ‘रितं घर’ सुचतं, पटावरचं घर. सोळा घरांत पंधरा सोंगट्या सरकवायचं ते खेळणं आठवा. सोंगटी डावीकडे गेली की रितं घर उजवीकडे.

नौपाडा, ठाणे:
काल वर्गात करून पाहिलं. पाच जणांच्या बाकावर चौघं बसवली, एकेकाला डावीकडे सरकवलं. रितं घर उजव्या टोकाला पोचलं. मुलं खूश. तेवढ्यात एकीने विचारलं, “मॅडम, होलला वस्तुमान असतं ना? मग रिकाम्या जागेला वजन कुठून आलं?” मी अडले.

वाशी, नवी मुंबई:
फार चांगला प्रश्न. ते परिणामी वस्तुमान, म्हणजे ढकललं तर होल किती सहज हलतं याचं माप, स्फटिकाने ठरवलेलं. सिलिकॉनमध्ये एक, जर्मेनियममध्ये दुसरं. पॉझिट्रॉनचं मात्र सगळीकडे इलेक्ट्रॉनइतकंच. पॉझिट्रॉन मोकळ्या अवकाशातही धावतो, होल स्फटिकाबाहेर नसतंच. पट उचलला की घर उरतं का? म्हणून अर्धवाहकापुरतं ‘रितं घर’ मला पक्कं वाटतं. डिरॅकच्या होलला ‘प्रतिकण’ (उलट भाराचा जुळा कण) हा शब्द आहेच.

नौपाडा, ठाणे:
पटलं. परीक्षेत ‘विवर’ लिहू देते. फळ्यावर मात्र उद्यापासून पट काढणार.