कोरं नाणं की झिजलेलं? संग्रहात इतिहास नेमका कुठे असतो?

ठसा:
आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे: वस्तू जितकी कोरी, तितकी मोलाची. नाणं टाकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखं हवं, टपाल तिकिटावर शिक्का नको, मागचा डिंक शाबूत हवा. मला हे पटत नाही. कोरी वस्तू फक्त ती काढणाऱ्या सत्तेचं म्हणणं सांगते. लोकांची बाजू सुरू होते ती वस्तू हातोहात फिरायला लागल्यावर.

ब्रिटिश म्युझियममध्ये १९०३ सालची एक पेनी आहे. सातव्या एडवर्डच्या चेहऱ्यावरच एकेक अक्षर ठोकून बायकांना मताचा हक्क मागितला आहे. अक्षरं एका रेषेत नाहीत. प्रतवारीच्या नियमांनी हे 'खराब केलेलं' नाणं. पण एवढी छोटी रक्कम सरकार चलनातून परत गोळा करत बसणार नाही, हे ठोकणाऱ्याला पक्कं कळलेलं होतं. तीच पेनी कोरी असती तर हजारोंपैकी एक.

आडवी_रेघ:
असहमत. अपवादात्मक नाणं दाखवून नियम सिद्ध होत नाही. साधं झिजलेलं नाणं एवढंच सांगतं की ते फिरलं. किती वर्षं, कुणाच्या हातात, हे नाही. झीज धातूवर आणि मातीवरही अवलंबून असते, त्यामुळे झिजेवरून काळ मोजता येत नाही.

उलट ठसठशीत नाण्यांवरून, नाणी ज्याने ठोकली त्या साच्यांचा अभ्यास होतो. सगळ्या नाण्यांचे फोटो एकाच मापात घ्यायचे आणि अक्षरांमधली अंतरं जुळवायची. अंतरं तंतोतंत जुळली की साचा एक. मग साच्याला गेलेली चीर शोधायची. नाण्यावर ती उठावदार रेघ म्हणून उतरते आणि साचा वापरात असेपर्यंत वाढत जाते. चीर लहान ते आधीचं नाणं, मोठी ते नंतरचं. ज्या राजांच्या नाण्यांवर सालच नाही, त्यांचा क्रम असाच लागतो. गुळगुळीत नाण्यावर ही रेघ सगळ्यात आधी पुसली जाते.

ठसा:
साच्यांचं मान्य. पण कोरेपणा फसवतोही. रोमचं अँटोनिनिअनस हे नाणं २१५ साली निघालं तेव्हा त्यात साधारण निम्मी चांदी होती. २७० च्या सुमारास ५ टक्क्यांहून कमी उरली, बाकी तांबं. वर चांदीचा पातळ मुलामा. कोरं नाणं पाहाल तर चांदीचंच वाटेल. थोडं फिरलेलं पाहा: गाल, केस, मुकुटाची टोकं, जिथे उठाव जास्त तिथे तांबूस रंग आधी दिसतो. लोकांना फसवणूक कळली ती तिथेच.

आडवी_रेघ:
कस, म्हणजे चांदी किती शुद्ध, हे कळायला झीज कशाला हवी? नाणं हवेत तोला, मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, नाणं दोऱ्याने त्यात बुडवून, भांड्याला टेकू न देता, काट्यावर वाढलेलं वजन पाहा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, ती घनता. शुद्ध चांदी १०.५ च्या आसपास, तांबं ८.९६.

तांबट:
इथे सावध. ३ ग्रॅमच्या नाण्याचा पाण्यातला आकडा ०.३३ आला तर घनता ९.१. काटा ०.०१ ग्रॅमने चुकला तर उत्तर ८.८ ते ९.४ मध्ये कुठेही जातं, म्हणजे निष्कर्ष शून्य. लहान नाण्याला ०.००१ ग्रॅमचाच काटा लागतो. अक्षरांच्या खाचेत अडकलेला हवेचा बुडबुडा घनता कमी दाखवतो, गंजाने आतून सच्छिद्र झालेलं नाणंही तसंच.

आणि जुन्या नाण्याबद्दल 'जसं आहे तसं ठेवा' असं नेहमी सांगतात, तो सल्ला सरसकट देऊ नका. तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत हिरवा थर राहू द्यावा, तो संरक्षण करतो. पण फिकट हिरवी भुकटी, सुईने सहज निघणारी आणि काढल्यावर पुन्हा येणारी, हा ब्राँझचा रोग. आत क्लोराइड आहे आणि दमट हवेत ते धातू खात राहतं. असं नाणं लगेच वेगळं काढा, सिलिका जेलसोबत हवाबंद डबीत ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांखाली आणा. लिंबू, चिंच, टूथपेस्ट मात्र कधीच नाही. आम्ल आणि घासणं दोन्ही वरचा थर नेतात, तो पुन्हा येत नाही. मऊ पीव्हीसीची पाकिटंही टाळा. त्यांतून कालांतराने आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. पॉलिस्टरची वापरा.

पाकीटवाला:
तिकिटांत तर माझं मत ठसा यांच्याहूनही कडक आहे. तिकीट पाकिटावरून सोडवलं की अर्धा पुरावा गेला.

१८४० च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये पेनी ब्लॅक हे काळं टपाल तिकीट आलं. त्यावर लाल शिक्का मारत. लाल शाई धुऊन तिकीट पुन्हा वापरता येत होतं, म्हणून १८४१ च्या फेब्रुवारीत तिकीट लाल केलं आणि शिक्का काळा. हा सगळा बदल शिक्का असलेल्या तिकिटावरच समजतो.

जर्मनीचं १९२३ घ्या. साध्या देशांतर्गत पत्राचा दर जानेवारीच्या मध्यात ५० मार्क होता. १ नोव्हेंबरला १० कोटी, १२ नोव्हेंबरला १० अब्ज, २६ नोव्हेंबरला ८० अब्ज. कोरं तिकीट फक्त मोठा आकडा दाखवतं. तारखेचा शिक्का असलेलं पाकीट त्या दिवशी पत्र पाठवायला काय पडलं हे दाखवतं. उलटूनही पाहा, पोहोचल्याचा शिक्का बहुधा मागे असतो.

आडवी_रेघ:
याच उदाहरणात धोका आहे. त्या काळातली कोरी तिकिटं ढिगाने शिल्लक राहिली, खरोखर वापरलेली कमी. म्हणून कोऱ्या तिकिटांवर नंतर खोटे शिक्के मारले गेले. 'वापरलेलं म्हणजे अस्सल' असं मानणारा इथे सरळ फसतो. तिकिटांची बेरीज त्या तारखेच्या दराशी जुळते का, शाई तिकिटावरून पाकिटाच्या कागदावर सलग गेली आहे का, एवढं तरी तपासा. सुटं तिकीट असेल तर तज्ज्ञाची तपासणी हवीच.

पाकीटवाला:
दराची तपासणी पूर्ण मान्य. तीसुद्धा पाकीट अखंड असेल तरच करता येते. पाकीट फाटलंच असेल तर तिकिटाभोवती निदान बोटभर कागद राखून कापा, शिक्का मधेच तोडू नका.

निधी_शोध:
तुम्ही सगळे वस्तू कोरी की वापरलेली यावरच भांडताय. ती सापडली कुठे, कशासोबत, हे विचारा. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली चांदीच्या सुमारे १३,२५० नाण्यांचा निधी, म्हणजे एकत्र पुरलेला साठा, मिळाला. क्षत्रप राजा नहपानाची नाणी, आणि त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. सत्ता कुणाकडून कुणाकडे गेली याचा हा थेट पुरावा. नाणी पाच-दहा करून विकली गेली असती तर हे प्रमाण कधीच कळलं नसतं.

आणखी एक. पुरून ठेवतात ती चांगली नाणी. बाजारातली चिल्लर हरवते किंवा वितळते. निधीवरून रोजचा व्यवहार समजत नाही, तो रस्त्यात, शेतात सुट्या मिळालेल्या तांब्याच्या नाण्यांवरून समजतो, आणि नेमकी तीच 'फालतू' म्हणून नोंदीविना विकली जातात.

आडवी_रेघ:
निधीचा मुद्दा मला पटला. तरी जोगळटेंभीचंच नाणं घ्या: खालचा नहपानाचा चेहरा आणि वरचा ठसा दोन्ही वाचता येतील इतपत ते ठसठशीत हवंच. नाहीतर कुणी कुणावर ठसा मारला हेच सांगता येणार नाही.

ठसा:
ते खरं. असं नाणं पाहताना दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. खालची पुसट अक्षरं एखाद्याच कोनात सावली टाकतात. नोंदीत वजन, व्यास, दोन्ही बाजूंची एकमेकींच्या तुलनेत दिशा आणि सापडल्याची जागा लिहा. घासलेल्या नाण्यावर ही सावली पडतच नाही.