मोड आलेल्या मटकीची उसळ मुलं ताटात टाकतात. नेमकं कुठे चुकतंय?

पाटीपेन्सिल
जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, रोजचा पट साधारण 60. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा भात आणि मोड आलेल्या मटकीची उसळ असते. खिचडी चाटूनपुसून संपते, उसळ मात्र निम्मी खरकट्याच्या बादलीत जाते. पावसाळ्यात तिला आंबूस वास येतो, काही दाणे खड्यासारखे कडक राहतात. सध्याची पद्धत अशी: सोमवारी संध्याकाळी पाचला शाळा सुटताना मटकी भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची आणि बुधवारी अकराला शिजवायची. भाजी म्हणून कांदा-बटाटा असतो. पाणी बोअरचं आहे. काय बदलावं?

चुलवण
वास कुठून येतो ते तुमच्या वेळापत्रकातच दिसतंय. मटकी बारीक, तिला सहा-सात तास पाणी पुरतं. तुम्ही तिला सोळा-सतरा तास बुडवून ठेवता. दाण्याला हवा मिळत नाही, पाणी आंबायला लागतं आणि तोच वास पुढे फोडणीतूनही जात नाही.

मंगळवारी सकाळी साडेदहाला भिजत घाला. पोषण आहाराच्या मापात पहिली ते पाचवीला प्रत्येक मुलामागे 20 ग्रॅम डाळ-कडधान्य धरलंय, म्हणजे 60 मुलांना 1 किलो 200 ग्रॅम मटकी. आधी निवडा. भोकं पडलेले, फुटके दाणे काढलेच पाहिजेत, कारण फुटक्या दाण्याला मोड येत नाही, तो सडतो आणि शेजारच्यांनाही चिकट करतो. तीन वेळा धुऊन तिप्पट पाण्यात घाला, थंडीत पाणी कोमट घ्या. पाचला उपसा, पुन्हा एकदा धुवा आणि चाळणीत दहा मिनिटं पूर्ण निथळू द्या. ही दहा मिनिटं लोक वाचवतात आणि तिथेच घोटाळा होतो.

एकच मोठं गाठोडं करू नका. मोड येताना दाणे गरम होतात, जाड गाठोड्याच्या मधोमध ऊब कोंडते आणि बुळबुळीतपणा तिथूनच सुरू होतो. सुती ओल्या फडक्यात दोन-तीन लहान पुरचुंड्या करून वाऱ्यावर टांगा किंवा बांबूच्या टोपलीत दोन बोटं जाडीचा थर पसरून वर ओलं फडकं टाका. झाकणाचा स्टीलचा डबा तर नकोच. बुधवारी अकरापर्यंत अर्धा ते एक सेंटिमीटर मोड येतात, तेवढे बास. वजन साधारण दुप्पट भरतं. बुळबुळीत किंवा आंबट वास आलेली मटकी धुऊन वापरायची नाही, टाकून द्यायची आणि त्या दिवशी तूरडाळीचं वरण करायचं.

मुलांना कच्चे मोड अजिबात देऊ नका. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. आधी नीट शिजवायचं, मग ताटात.

परसदार
कडक दाण्यांबद्दल. ते गणंग. त्यांचं साल पाणीच घेत नाही, त्यामुळे भिजवल्यावरही ते लहान आणि गडद राहतात. उपसताना ताटात पसरलं की लगेच ओळखू येतात, वेचून काढा. दाताखाली एक गणंग आला की मूल पुढचा घास घेत नाही. नवीन पोतं उघडलं की 100 दाणे मोजून भिजवून बघा, दहा-पंधराच्या वर तसेच राहिले तर ते पोतं मोडांसाठी वापरू नका.

बोअरचं जड पाणीही नडतं, कडधान्य त्यात लवकर मऊ होत नाही. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं स्वच्छ पाणी मिळालं तर निदान शिजवायला तेच घ्या. टोमॅटो, चिंच, कोकम मटकी बोटाने चेपेपर्यंत घालू नका, आंबटाने दाणा आखडतो. साध्या पातेल्यात झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

भाजीचं माप मुलामागे 50 ग्रॅम, म्हणजे 3 किलो. ती कांदा-बटाट्यात संपवणं म्हणजे माप पूर्ण आणि आहार अपुरा. दीड किलो दुधी किंवा लाल भोपळा किसून मटकीबरोबरच शिजवा, रस्सा दाट होतो आणि मुलांना भाजी वेगळी काढता येत नाही. परसबागेत शेवगा असेल तर अर्धा किलो कोवळा पाला, देठ काढून, शेवटच्या पाच मिनिटांत. जून पाला कडवट लागतो. आठ-दहा लिंबं आच बंद केल्यावर पिळा, कडधान्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते आणि उकळत्या पातेल्यात ते बरंचसं नष्ट होतं.

मापटं
वरचं सगळं बरोबर, पण वाढण्याकडे कुणी बघितलं नाही. भात आधी आणि उसळ वरून वाढली तर मूल भाताने पोट भरतं. उसळ आधी वाढा, अर्धीच पळी, आणि पाच मिनिटांनी भात. मागितली तर पुन्हा वाढा. नवीन चव मुलांच्या अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा समोर यावी लागते, दटावून खायला लावलं की उलटंच होतं.

तिखट निम्मं करा. 60 मुलांना तेल 300 ग्रॅम असतं, त्यात लसूण-जिऱ्याची फोडणी खमंग होते, मसाल्याचं पाकीट कशाला? लिंबाएवढा गुळाचा खडा मात्र घाला.

शाळेबाहेरची टपरीही बघा. साडेबाराला पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं खाल्लेलं मूल दीडला काय जेवणार! फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकायला 2020च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केलीय, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय घ्या.

आणि अंदाजाने ‘निम्मी’ म्हणू नका. उसळीचं खरकटं वेगळ्या बादलीत घेऊन ताणकाट्यावर तोला, चार आठवडे लिहा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पाटीपेन्सिल
आधी भिजवण्याची वेळ बदलतो, मग वाढण्याची पद्धत. उसळीचा वार सोमवार केला तर चालेल का? त्या दिवशी हजेरी जास्त असते.

चुलवण
सोमवार सोडून कोणताही. रविवारी साडेदहाला भिजत कोण घालणार आणि पाचला कोण उपसणार? शनिवारी भिजवून ठेवली की पुन्हा तोच वास.