पुण्यात बंद पडलेली पद्मिनी नागपूरला आणायची आहे : ट्रक भाड्याने घेऊन ओढून आणता येईल का?

महालवासी (प्रश्न)

नमस्कार. माझ्या दिवंगत वडिलांची 1984 सालची प्रीमियर पद्मिनी पुण्यात कोथरूडला चुलत भावाच्या सोसायटीत गेली सहा वर्षे एका जागी उभी आहे. बाबांची पुण्याला बदली झाली तेव्हा ते स्वतः ती चालवत घेऊन गेले होते, आणि वाटेत मेहकरला चहासाठी थांबल्यावर काढलेला त्यांचा व गाडीचा फोटो आमच्या नागपुरातल्या महाल भागातील घरात आजही लावलेला आहे. आता सोसायटीचे पुनर्विकासाचे काम सुरू होणार असल्याने महिनाअखेरपर्यंत गाडी तिथून हलवायची आहे. भंगारवाला येऊन भावही सांगून गेला, परंतु ती विकण्याचा विचार आमच्या मनात नाही. ती नागपूरला घरी आणायची आहे.

इंजिन सुरू होत नाही, चारही टायर बसलेले आहेत. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की एखादा ट्रक किंवा पिकअप भाड्याने घ्यावा, आपणच चालवत जावे आणि गाडी मागे बांधून ओढून आणावी. परदेशात राहणाऱ्या माझ्या दिरांनी तसे केलेले आहे. मी एका सामान वाहतूक करणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली, तर त्यांनी आधी गाडी चालू आहे का हे विचारले आणि बंद आहे म्हटल्यावर नकार दिला. दुसऱ्या एका क्रेनवाल्याने सांगितलेला आकडा आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

संत्रानगरी

ताई, सर्वांत आधी ओढून आणण्याचा विचार सोडून द्यावा, अशी कळकळीची विनंती करतो. आपल्याकडे मालवाहू ट्रक चालकाशिवाय भाड्याने मिळण्याची पद्धत नाही. ट्रक म्हटला की चालक आणि बहुधा क्लीनरही सोबत येतात. शिवाय बंद गाडी दुसऱ्या गाडीने ओढण्याची मुभा नियमांत आहे ती मुख्यतः जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत पोचवण्यापुरती. त्यासाठीही ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला असावा लागतो, किंवा तिची स्टेअरिंगने वळणारी चाके रस्त्यापासून पक्की उचललेली असावी लागतात, आणि दोन गाड्यांमधले अंतर 5 मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. इंजिन बंद असताना, सहा वर्षे न वापरलेल्या ब्रेकवर विसंबून, कोणी तरी पद्मिनीत बसून सातशे किलोमीटर येणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

मी हैदराबादहून नागपूरला माझ्या मामांची अॅम्बेसेडर आणली, ती उघड्या ट्रकच्या हौद्यात ठेवून. गाडी पोचली, पण एक चूक मला फार महागात पडली. हमालांनी दोरखंड पुढच्या बंपरला बांधला आणि मी जवळ उभा असूनही काही बोललो नाही. आदिलाबादच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा ताडपत्री उचलून पाहिले, तर बंपर एका बाजूने बोटभर खाली आला होता आणि त्याची पट्टी वाकून मडगार्डला टेकली होती. ट्रक प्रत्येक खड्ड्यात उसळतो, गाडी आपल्या स्प्रिंगांवर वेगळी उसळते, आणि त्या ओढाताणीचा सगळा भार दोर जिथे बांधला आहे तिथे येतो. तिथेच दोर सोडवून मागचा एक्सलला आणि पुढचे चाकांवरून घेतले. त्यानंतर नागपूरपर्यंत काहीही हलले नाही. बंपर मात्र पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही, आणि मामांना ते सांगताना मला फार वाईट वाटले.

जुना_मिस्त्री

मी गॅरेजचे काम करतो, म्हणून यंत्राच्या बाजूने लिहितो. पद्मिनीचे इंजिन पुढे असले तरी ताकद मागच्या चाकांना मिळते. पुष्कळ क्रेनवाले गाडीची पुढची चाके उचलतात आणि मागची रस्त्यावर फिरत ठेवतात. मारुती 800 सारख्या, पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीला ते चालते, कारण तिची मागची चाके नुसती फिरणारी असतात. पद्मिनीत मात्र मागची चाके फिरली की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंतचा लांब दांडा) फिरतो आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा फिरतो. इंजिन बंद असल्यामुळे गिअरबॉक्समधला खालचा दांडा स्थिर राहतो, वर तेल उडत नाही, आणि बेअरिंगे कोरडी घासत राहतात. चार-पाच किलोमीटरला फारसे बिघडत नाही, पण लांबच्या प्रवासात गिअरबॉक्स संपतो. म्हणून एक तर शाफ्ट काढून ठेवावा, किंवा चारही चाके वर असतील अशाच वाहनावर गाडी चढवावी. दुसरा मार्गच योग्य आहे.

आता तयारीविषयी. ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी गाडी हाताने ढकलली जाते की नाही हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. हँडब्रेक लावून गाडी उभी राहिली असेल तर ब्रेकचे लायनर (घर्षणाची पट्टी) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्याला, चिकटलेले असतात. अशी गाडी चार जणांनी जोर लावून खेचली तर लायनर उखडतो. चाक काढून, ब्रेकचा ॲडजस्टर सैल करून, ड्रमच्या कडेला लाकडी हातोड्याने फिरवत फिरवत ठोके द्यावेत. बहुतेक वेळा ड्रम सुटतो. टायरमध्ये हवा भरून रात्रभर टिकते का ते पाहावे, आणि टिकत नसेल तर त्याच मापाच्या दुसऱ्या गाडीची चाके त्या दिवसापुरती मागून घ्यावीत. बॅटरी काढून घ्यावी. टाकीत सहा वर्षांपूर्वीचे पेट्रोल असेल तर तेही काढून टाकावे, कारण मे महिन्यातल्या उन्हात ताडपत्रीखाली पेट्रोलची वाफ साठणे धोक्याचे आहे. आणि तिथल्या तिथे धक्का मारून इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह कृपया टाळावा. ते काम नागपुरात शांतपणे करता येईल.

वाडी_ट्रान्सपोर्ट

तुम्हाला क्रेनवाल्याचा आकडा जास्त वाटला, त्याचे कारण सांगतो. त्याची गाडी पुण्याची आहे. पुणे-नागपूर अंतर साधारण 700 किलोमीटर धरले, तर नागपूरहून त्याला रिकामे परतावे लागते, म्हणून तो 1400 किलोमीटरचे डिझेल, टोल आणि चालकाचे दिवस धरून भाव सांगतो. यात तो फसवतो आहे असे नाही. सामान वाहतूक कंपन्यांचे बंदिस्त कार-कंटेनर अनेक गाड्या एकदम नेतात आणि प्रत्येक गाडी उतारावरून चालवत वर चढवतात, म्हणून त्यांना बंद गाडी नको असते.

तुमच्यासाठी स्वस्त मार्ग परतीच्या ट्रकचा आहे. नागपूरहून माल घेऊन पुण्याला गेलेला नागपूरचा ट्रक रिकामा येण्याऐवजी कमी भाड्यात माल घ्यायला तयार असतो. नागपूरजवळ वाडीत अमरावती रोडवर किंवा पुण्यात निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात चौकशी केली तर असा ट्रक एक-दोन दिवसांत मिळू शकतो. मात्र तारीख तुमच्या सोयीने ठरत नाही. पद्मिनीची लांबी 4 मीटरच्या आत, म्हणजे सुमारे 13 फूट आहे, आणि रुंदी पाच फुटांच्या आत. 14 फुटी हौद्यात ती बसते, पण दोर बांधायला व ठोकळे लावायला पुढे-मागे जागा राहत नाही, त्यामुळे 17 फुटी आयशर सांगावा. वजन टनाच्या आत असल्याने ट्रकला त्याचे ओझे काहीच नाही.

खरी अडचण चढवण्याची आहे. हौद्याची तळपट्टी जमिनीपासून तीन फुटांहून वर असते, आणि फळ्या टाकून गाडी ढकलत चढवणे अत्यंत धोकादायक आहे. मालधक्का असलेले गोदाम शोधावे, जिथे ट्रक मागे लावून फाळका (हौद्याची मागची फळी) उघडला की धक्का आणि हौदा एका पातळीवर येतात. कोथरूडच्या सोसायटीपासून धक्क्यापर्यंत तिथल्याच फ्लॅटबेडवर (गाडी पाठीवर घेणाऱ्या सपाट ट्रकवर) गाडी न्यावी. तेवढ्या अंतराचे भाडे परवडते. स्टेअरिंगवर बसणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवावे की हौद्यात दोन्ही बाजूंना दरवाजा पुरता उघडत नाही, त्यामुळे त्याला खिडकीतून बाहेर यावे लागेल. काच आधीच खाली करून ठेवा. जुन्या गाडीची काच ऐन वेळी अडकते. नंतर चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे खिळ्यांनी हौद्याच्या फळ्यांवर ठोकून घ्यावेत आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी.

छत्रपती संभाजीनगरपासून ट्रक समृद्धी महामार्गाने आणायला सांगा. टोल ट्रकच्या वर्गाप्रमाणे लागतो आणि तो भाड्यात धरला आहे की वेगळा, हे बिल्टीवर (वाहतूकदाराच्या मालपावतीवर) लिहून घ्या. जुन्या जालना-मेहकर रस्त्यापेक्षा गाडीला बसणारे धक्के पुष्कळ कमी होतात.

कागदपत्री

कागदांबाबत थोडक्यात. हौद्यात चढवलेली गाडी रस्त्यावर चालवली जात नाही, ती माल असते. म्हणून नोंदणीची मुदत संपलेली असली तरी ती अशी आणता येते. दोरीने ओढली असती तर हा प्रश्न उभा राहिला असता. वापरलेल्या वैयक्तिक व घरगुती वस्तूंना ई-वे बिलातून (माल वाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदातून) सूट आहे, तरीही चालकाजवळ नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि आपल्या सहीचे पत्र असू द्यावे, म्हणजे रात्री रस्त्यात कोणी अडवले तर त्याला उत्तर देता येईल.

विम्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. गाडीची सर्वसमावेशक पॉलिसी चालू असेल तर रस्त्याने वाहून नेताना झालेले नुकसानही तिच्यात धरलेले असते, पण केवळ तृतीय पक्ष विमा असेल किंवा पॉलिसी संपलेली असेल तर काहीही मिळत नाही. आपल्या बाबतीत दुसरी शक्यता अधिक दिसते, म्हणून वेगळा प्रवास विमा घ्यावा आणि बिल्टीवर गाडीचे मूल्य स्पष्ट लिहावे. मूल्य घोषित करून जादा दर दिला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी कायद्याने मर्यादित असते. नुकसान झालेच तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. चढवण्यापूर्वी चारही बाजूंचे, चाकांचे आणि आतले फोटो चालकासमोर काढून ठेवावेत.

गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31 आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म 25 लागतो. राज्य बदलत नसल्याने नंबर तोच राहील.

महालवासी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. यजमानांनी मिस्त्रीकाकांचे उत्तर दोनदा वाचले आणि ओढून आणण्याचा विचार सोडला. नंबर तोच राहील हे वाचून आईला फार बरे वाटले. एकच विचारायचे राहिले : महालातल्या आमच्या गल्लीत ट्रक येणे शक्य नाही, मग गाडी कुठे उतरवावी?

वाडी_ट्रान्सपोर्ट

ट्रक महालापर्यंत आणूच नका. शहरात अवजड वाहनांना दिवसा बंदीच्या वेळा असतात. वाडीत कोणत्याही मोठ्या गोदामाच्या धक्क्यावर गाडी उतरवून घ्या, आणि तिथून लहान फ्लॅटबेडने पहाटे गल्लीच्या तोंडापर्यंत न्या. गल्लीतून वाड्यापर्यंत मग चार माणसे ढकलत नेऊ शकतील, फक्त मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे ब्रेक पुण्यातच सोडवून घ्या.

महालवासी

ठरले. निगडीहून निघणारा एक 17 फुटी परतीचा ट्रक पुढच्या आठवड्यात मिळतो आहे, आणि त्याचे भाडे क्रेनवाल्याच्या निम्म्याहून कमी आहे. यजमान आणि मी शुक्रवारी महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला निघत आहोत. सोबत लाकडी हातोडा, हवेचा पंप आणि वाडीतून घेतलेले आठ ठोकळे आहेत. बंपरला कोणालाही दोर बांधू देणार नाही.