निपाणी ते उद्यमबाग: जुनी सीजे-३बी जीप चारही चाकांवर टोचन करून हायवेने न्यायची तर?

तवंदीचं वळण
नमस्कार मंडळी. सीजे-३बी, पेट्रोल. इंजिन जाम, बाकी गाडी चाकांवर उभी आहे. निपाणीहून बेळगावला उद्यमबागेत न्यायची, हायवेने ७०-७५ किमी. ओढायला बोलेरो आहे. अमेरिकेतले लोक ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराचा ओढायचा बार) लावून अशा जीपा चारही चाकांवर ताशी ८०-९० ने ओढतात, व्हिडिओ भरपूर आहेत. आपल्याकडे निदान ६० ने जमेल काय? न्यूट्रल केलं की पुरे, की शाफ्ट (गिअरकडून एक्सलला जाणारा फिरता दांडा) काढावा लागतो? पुढचे हब साधे आहेत, फ्री-व्हील (चाक एक्सलपासून मोकळं करणारे) नाहीत.

उद्यमबाग फिटर
शाफ्ट काढायचा. दोन्ही.

लोक मेन गिअर न्यूट्रल करतात आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारा दुसरा गिअरबॉक्स) हायमध्येच सोडतात, तिथं वाट लागते. मागची चाकं फिरली की ट्रान्सफरमधून गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट फिरतो, पण खालचा काउंटरशाफ्ट उभाच राहतो, कारण त्याला फिरवणारं इंजिन बंद. तेल उडवायचं काम काउंटरशाफ्टच्या गिअरचं. ते थांबलं की मेनशाफ्टवरचा सेकंड गिअर कोरडा घासतो आणि शेवटी शाफ्टला धरतो. गिअरबॉक्समध्ये काठोकाठ ऑइल असलं तरी हे होतं.

ट्रान्सफर न्यूट्रलला टाकली तर हे टळतं. थोड्या अंतराला, सावकाश, तेवढ्यावर चालेल. पण जुन्या लिव्हरची स्प्रिंग आणि खाचा झिजलेल्या असतात, खड्ड्यात आदळली की लिव्हर सरकते. ७० किमीला त्यावर भरवसा नको. साध्या हबमुळे पुढचा शाफ्टही चाकांबरोबर फिरणार, म्हणून तोही उतरवा.

काढण्याआधी चाकांना लाकडी गुटके लावा. ह्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्सफरच्या मागच्या ड्रमला असतो. मागचा शाफ्ट निघाला की हँडब्रेक कितीही ओढा, गाडी घरंगळणार. स्लिप जॉइंटच्या (शाफ्टचा एकमेकांत सरकणारा सांधा) दोन्ही भागांवर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. परत बसवताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका पातळीत आले नाहीत तर शाफ्ट थरथरतो. यू-बोल्ट सोडले की क्रॉसच्या टोप्या मोकळ्या होतात, त्यांना लगेच टेप गुंडाळा, नाहीतर आतल्या सुया मातीत. आणि एक टोक सोडून शाफ्ट तारेने चेसिसला बांधायचा शहाणपणा नको. तार तुटली की शाफ्ट रस्त्यात रुततो.

पाटा-शॅकल
शाफ्टचं फिटरदादांनी सांगितलं ते बरोबरच. पण वेगात गाडी हातची जाते ती पुढच्या एक्सलमुळे, त्याबद्दल कुणी विचारत नाही.

टोचनमध्ये पुढची चाकं बारच्या ओढीमागं आपोआप वळतात, ती कास्टरमुळे, म्हणजे किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं ती पिन) मागं कललेल्या झुकावामुळे. सीजेला कास्टर ३ अंशांचा. पाट्याखालची (स्प्रिंगच्या पट्ट्यांखालची) पाचर उलटी बसली असेल किंवा पाटे बसलेले असतील तर तो कमी होतो आणि चाकं नागमोडी धावतात. टो-इन (पुढच्या चाकांची टोकं आत वळलेली असणं) दीड-दोन मिमी ठेवा. टाय-रॉडचे (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) एंड हातानं हलवून बघा. किंगपिनसाठी चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून मगच निघा. हा ढिलेपणा ३० ला कळत नाही, ५०-६० ला स्टिअरिंग अचानक थरथरायला लागतं.

ए-फ्रेमचे दोन पाय चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांना पकडले पाहिजेत, नुसत्या बंपरला नको. आधी हातोडीनं चेसिसचं पुढचं टोक वाजवून बघा. बद्द आवाज आला तर आतून गंजलंय. बोल्ट ८.८ ग्रेडचे, पिनला लॉक क्लिप, बार जमिनीला जवळपास समांतर. बारच्या खालून दोन साखळ्या एकमेकींना छेदून बांधा, म्हणजे पिन निघाली तरी बार त्यांच्यावर पडेल, रस्त्यात रुतणार नाही. बार जोडलेला असताना रिव्हर्स अजिबात नको. चाकं उलट्या बाजूला पूर्ण वळतात आणि बार वाकतो.

कोगनोळी नाका
सगळं खरं, पण ६० चा विषय आधी संपवू. १९८९ च्या रस्ता नियमांत टोचनला ताशी २४ किमीची मर्यादा होती, आणि २०१७ च्या नव्या नियमावलीनंही हायवेचा वेग मोकळा केलेला नाही. नादुरुस्त गाडीच ओढता येते, दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, आणि पुढची चाकं उचललेली नसतील तर मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस बसलाच पाहिजे. व्हिडिओतल्या जीपमध्ये कुणी बसलेलं नसतं, हा फरक बघा.

म्हणजे ७० किमीला तीन तास, ट्रकांच्या मधून. त्यात तवंदी आणि वंटमुरीचे घाट. उतारावर एक टनाची जीप बोलेरोला मागून ढकलते, आणि वळणात ढकललं की बोलेरोची शेपटी फिरते. माझं मत: शेडमधून गावातल्या रस्त्यापर्यंत टोचन, पुढं फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक).

तवंदीचं वळण
पटलं. पण फ्लॅटबेड येईल तिथपर्यंत ४-५ किमी टोचन आहेच. जीपचे ब्रेक लागतात, पण सुटायला वेळ घेतात. चालतंय काय?

उद्यमबाग फिटर
नाही चालत ओ. सुटायला वेळ लागतो म्हणजे एकतर व्हील सिलिंडर गंजलाय, नाहीतर रबरी होज आतून फुगलाय. तसंच ओढलं तर ड्रम तापणार आणि बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन लायनरवर येणार. चारही चाकं जॅकवर घेऊन हातानं मोकळी फिरतात का बघा. हब बेअरिंगला नवं ग्रीस भरा, नट चाक अडेपर्यंत आवळा आणि मग साधारण एक षष्ठांश फेरा मागं घ्या. डाव्या बाजूचे व्हील नट उलट्या आट्यांचे असू शकतात, पान्याला पाइप लावून जोर करण्याआधी आटे बघा. मधे एकदा थांबून प्रत्येक हबला हात लावा. एकच गरम लागला तर तिथं काहीतरी धरतंय.

एवढ्या अंतराला शाफ्ट राहू दे, ट्रान्सफर न्यूट्रल, वेग २० च्या आत. विंचनं फ्लॅटबेडवर चढेपर्यंतही न्यूट्रलच. वर गेल्यावर पट्टे चेसिसला नको, एक्सलला बांधा. चेसिसला बांधले तर पाटे दबतात-सुटतात आणि पट्टे ढिले पडतात. मग ट्रान्सफर लोमध्ये आणि गिअर फर्स्टला टाका. जाम इंजिनाचा तेवढा तरी उपयोग करून घ्या.